ठकूबाईची गप्प ओळ

मी सांगते त्यातला एक शब्द तरी खरा मानून दावा, मग ही म्हातारी हरली म्हनून सांगंन.

मघाशी चर्चमधी प्रभूची प्रार्थना चालली व्हती. 'तुझ्या इच्छेप्रमानं होवो' आलं आन् समदी मंडळी गप झाली. पाव्हनं, तुम्ही एकलेच वरडत पुढं गेलात! मला ठावं व्हतं असंच व्हनार. मुद्दाम सांगितलं न्हाई. म्हातारीला कवातरी हसाया नको का?

ती चिंचेखालची विहीर बघा. सकाळी पानी प्यालात ना तिचं? ती खनताना काय झालं ते ऐका.

लई वर्सं झाली म्हनं. वस्ती नवी, येशूचं नावबी नवं. गावच्या विहिरीवर आपल्या मानसांना कोन चढू देतंय? म्हनून आपली विहीर खनाया घेतली. वस्तीतल्या ठकूबाईचा नवरा दानिएल आन् तिचा करंगळी तुटलेला दीर सावळा, दोघं तळाला. भर दुपारी एका अंगाची दरड ढासळली. धप्प! वर निस्ती धूळ.

ठकूबाई भाकरी घिऊन आली व्हती. ती तशीच काठाकडं धावली, तर बायांनी धरली. काठ अजून सुटत व्हता. खडा पडायचा, मग ढेकूळ, मग चार घमेली माती. उतरंल त्यो गाडला जाईल, हे समद्यांना दिसत व्हतं. कुनी कुनाकडं बघंना.

शिमोन उपदेशक भला मानूस, पन त्योबी काठापासनं मागं सरला. त्यानं डोळं पुसलं, म्हनला, "लेकरांनो, गुडघं टेका. देवानं दिली, देवानं नेली." मंडळी रडत रडत प्रार्थना म्हनाया लागली. ठकूबाईबी म्हनत व्हती. पन त्या ओळीपाशी आली आन् तिला कळलं, ही ओळ तोंडातनं गेली की वर कुनी दोर सोडनार न्हाई. समद्यांचा जीव मोकळा व्हनार, आन् तिचा मानूस खाली ऱ्हानार.

"मी न्हाई म्हननार!" ती केवढ्यानं वरडली. "देवा, मला तुझी इच्छा नको. मला माझा मानूस पायजे. तू हायस का न्हाईस, त्येबी मला आता ठावं न्हाई. पन असशील तर ऐक!"

प्रार्थना तिथंच तुटली. आता आभाळ फाटनार, वस्ती बुडनार, असं समद्यांना वाटलं. लेकरंसुदिक रडायची थांबली. पाखरू बोलंना.

आन् त्या चिडीचूपीत खालनं आवाज आला.

टक्. टक्. पहारेचा दगडावर.

मघापासून येत आसंल म्हनं. प्रार्थनेच्या गलक्यात कुनाला ऐकू आला न्हाई.

"मला बांधा," ठकूबाई म्हनली. कमरंला दोर बांधून ती उतरली. वरनं माती डोस्क्यात पडतीया, खाली टक् टक्. ती हातानं उकरीत व्हती आन् दर ठोक्याला म्हनत व्हती, "दानिएलच आसू दे. दानिएलच आसू दे." आडव्या पडलेल्या शिळंखालनं एक हात निघाला. करंगळी तुटलेला. सावळ्याचा.

दानिएल बाजूलाच व्हता. गार.

ठकूबाईला वाटलं, हातातली माती सावळ्यावर परत लोटावी. तिनं ह्ये पुढं सोता सांगितलं, मंडळीच्या म्होरं उभं राहून. म्हनून तर आपल्याला ठावं. लोटली न्हाई. दिराला दोरात बांधला आन् वर धाडला. मग नवऱ्यापाशी बसून ऱ्हायली, दोर परत येईस्तवर.

सावळ्यानं पुढं विहीर पुरी केली. ठकूबाईनं चर्च एक ऐतवार चुकवलं न्हाई म्हनं, पन ती ओळ कवा म्हनली न्हाई. तिथं आली की गप व्हायची आन् कान द्यायची. आधी लोक वळून बघायचे. मग एका ऐतवारी सावळाबी थांबला. मग शिमोन. मग समदेच.

आजबी मंडळी त्या ओळीला थांबती. ज्याला म्हनवतं त्यो मनात म्हनतो, ज्याला म्हनवत न्हाई त्यो गप ऱ्हातो. कोन म्हनतंय, कोन न्हाई, ते वळून बघायचं न्हाई. निस्तं ऐकायचं, खालनं कुनी ठोकतंय का.

आन् तुमचं तोंड का उतरलं वो? मघाशी लई जोरात म्हनत व्हता ती ओळ. घरी कुनी आजारी हाय व्हय?

आसू द्या, सांगू नका. अजून एकदा चर्चमधी जावा. त्या ओळीला येस्तवर म्हना, मग थांबा.

माझ्याकडं काय बघताय? जावा आता, जावा.