दिरंगाईचा इंग्रजी अर्थ

“या शब्दाचा अर्थ मिळाला नाही, तर हा अर्ज चुलीत जाईल!” कलेक्टर ग्रिम्सबी साहेबांनी टेबलावर अशी मूठ आपटली, की दौत उडाली आणि कचेरीतले कारकून पंत पारसनीस दौतीपेक्षा उंच उडाले.

साहेब सात वर्षं एक कोश लिहीत होते. कचेरीत चालणारे सगळे फारसी-अरबी शब्द आणि त्यांचे इंग्रजी अर्थ! ‘हुजूर’ला पाऊण पान मिळालं होतं, ‘मेहेरबान’ला अर्धं, ‘रयत’ला दीड ओळ. काम कसं बिनबोभाट चाललं होतं, आणि आज तरवाडीच्या अर्जातून अवचित ‘दिरंगाई’ पुढे आली.

तरवाडी नदीपलीकडे. अर्जात लिहिलं होतं, की जुनी नाव फुटून तीन पावसाळे झाले. नवी नाव बांधून सरकारी छपराखाली वाळत पडली आहे. पण कचेरीच्या दिरंगाईमुळे ती पाण्याला लागत नाही.

“दिरंगाई म्हणजे उशीर,” पंत म्हणाले.

“उशीर आगबोटीलाही होतो!” साहेबांचं मराठी शास्त्रीबुवांकडून शिकलेलं, त्यामुळे रागावले तरी व्याकरण सुटत नसे. “त्यासाठी कोणी असा अर्ज करीत नाही. माझ्या कचेरीत असे काय घडते, ज्याला माझ्या भाषेत शब्द नाही?”

पंतांना उत्तर माहीत होतं. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी ते एकदाही ओठांबाहेर पडू दिलं नव्हतं.

“हा अर्ज कोणी आणला?”

“म्या आनलाय, साहेब.” दारात हौसा उभी होती. तरवाडीच्या भोयाची लेक. साहेबांच्या बंगल्यावर रांधायला होती.

“तुमच्या गावाने शब्द वापरला, अर्थ तूच सांग. उद्या दिवस मावळण्यापूर्वी. आणि इंग्रजीत! पटला तर तुमचे काम करीन. नाही पटला तर अर्ज चुलीत, आणि पुन्हा तुमच्या गावचा कागद मी घेणार नाही.”

“अरे देवा!” पंत पुटपुटले. “साहेब, हिला मराठीसुद्धा वाचता येत नाही हो!”

पाऊस पंधरा दिवसांवर आला होता. गेल्या साली भोपळ्यांची सांगड करून नदी उतरताना तिचा चुलता वाहून गेला होता. यंदा कोणाची पाळी?

“सांगते साहेब. इंग्रजीतच सांगते,” ती म्हणाली. “फकस्त पंतांनी उद्या जेवनाच्या वक्ताला बंगल्यावर लिहायला बसायचं. आन् अर्थ पुरा हुईस्तवर कुनी मला कामावरनं काढायचं न्हाई.”

“मान्य!”

दुसऱ्या दिवशी एकच्या ठोक्याला साहेब टेबलाशी बसले. पंत कोपऱ्यात. ताट रिकामं.

“हौसा, जेवण!”

“व्हय साहेब. अर्ज दिलाय?”

“कसला अर्ज?”

“जेवनाचा. भूक लागल्याचा दाखला जोडून.”

साहेबांना गंमत वाटली. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली.

“एकच?” हौसा म्हणाली. “तीन परती लागत्यात.”

साहेबांनी तीन प्रती लिहिल्या. दीड वाजला.

“कुठे आहे जेवण?”

“कागद बटलरकडं गेलाय.”

“मग बटलरला बोलाव!”

“ते दौऱ्यावर हायेत.”

“कुठे?”

“परसात.”

सव्वादोन वाजले. स्वयंपाकघरातून कोंबडीच्या रश्श्याचा असा वास सुटला, की पंतांच्याही पोटात कावळे ओरडले.

“साहेब, जरा अडचन आलीया,” हौसा हात बांधून म्हणाली. “कोंबडी पाखरात धरायची का कालवनात, ते ठरंना. म्हनून कागद माळ्याकडं धाडलाय, शेऱ्यासाठी.”

“माळ्याचा काय संबंध?”

“त्येचा न्हाईच. म्हनून त्येनं परत धाडला.”

तीन वाजले. साडेतीन वाजले. साहेबांचे कान लाल झाले.

“उद्या या,” हौसा म्हणाली.

“मी इथेच राहतो!”

“मग सोपंच की! आमास्नी नदी उतरून यावं लागतं.”

झालं! साहेबांचं व्याकरण सुटलं, पाठोपाठ मराठीही सुटलं. खुर्ची लाथाडून ते इंग्रजीत कडाडले. वस्तू तयार आहे, तिचा वास मला येतो आहे! देणारे इथेच आहेत! ‘नाही’ असं कोणी म्हणत नाही आणि देतही कोणी नाही! प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो! सरळ नकार दिला असता तर माणूस दुसरीकडे गेला असता. पण तुम्ही त्याला आशेवर असा बसवून ठेवता, की शेवटी चूक आपलीच असावी असं त्याला वाटू लागतं!

ओरडून ओरडून साहेब दमले. खोलीत फक्त पंतांच्या टाकाची कुरकुर ऐकू येत होती.

“घेतलं का समदं लिहून, पंत?” हौसाने विचारलं.

“घे... घेतलं.”

“साहेब, मला इंग्रजी येत न्हाई. तुमास्नी येतं. वाचून बघा बरं, दिरंगाईचा अर्थ बराबर हाय का.”

साहेबांनी कागद ओढून घेतला. एकदा वाचला. पुन्हा वाचला. मिशी थरथरली. रागाने की कशाने, पंतांना कळेना. त्यांनी भीतीने डोळेच मिटले.

“जेवण किती वाजता तयार झाले होते?” साहेबांनी हळूच विचारलं.

“अकराला.”

“मग आतापर्यंत अडले कुठे?”

“आमची नाव अडलीया तिथंच, साहेब! समदं तयार हाय. फकस्त तुमची सही ऱ्हायलीया!”

साहेब असे खदाखदा हसले, की बटलर परसातून धावत आला! हसतच त्यांनी पंतांच्या हातातला टाक घेतला, मंजुरीचा कागद त्यांच्याच दफ्तरातून काढायला लावला आणि उभ्या उभ्या सही ठोकली. खाली स्वतःच्या हाताने लिहिलं: नाव आजच पाण्यात सोडावी, आणि तरीचा, म्हणजे नावेतून लोकांना नदीपार नेण्याचा, हक्क हौसाच्या बापाला द्यावा.

सही वाळल्यावरच त्यांनी पहिला घास घेतला.