चंडोलाने घेतलेला वसा

बाळांनो, एका जंगलाच्या कडेला, गवताळ माळावर एक तरुण चंडोल राहत असे. गळा गोड, आणि घरची सारी गाणी शिकून झालेली. आता पुढे कुणाकडे शिकावे? आमराईतले कोकीळबुवा मैफल रंगवायला शिकवीत. तळ्याकाठचे म्हातारे कासव स्वतः गात नसे; पण पाच पिढ्यांची गाणी त्याने ऐकली होती, आणि कोणते गाणे कुठून आले, का बदलले, याचा शोध घ्यायला ते शिकवी. पौर्णिमेपर्यंत एकच गुरू निवडायचा होता, तोही तीन वर्षांसाठी. आई म्हणाली, "घेतलेला वसा मध्येच टाकता येत नाही हो, राजा. नीट विचार करून घे."

शेजारची साळुंकी आईला म्हणाली, "अहो वहिनी, लेकराला तळ्यावर नका हं पाठवू! ज्याला गळाच नाही, तो काय गाणं शिकवणार? चिखलात बसून पोराचा बेडूक व्हायचा!" चंडोलालाही वाटले, बुवांकडेच जावे, तिथे वाहवा तरी मिळते.

पौर्णिमेच्या सकाळी बुवांनी त्याला गायला बसवले. सारे रान जमले. चंडोलाने आईचे पहाटगाणे धरले. इतक्यात नदीपलीकडून कुणी अनोळखी चंडोल तेच गाणे गाऊ लागला. पण त्याचा शेवटचा सूर खाली न उतरता वर चढत होता. आपला चंडोल गाता गाता थांबला आणि मान वाकडी करून ऐकतच राहिला.

"विसरला, विसरला!" साळुंकी ओरडली.

"थांबा हो मावशी! गाणं एकच, मग वळण वेगळं का?"

बुवा रागावले नाहीत. म्हणाले, "बाळा, गवई मैफलीसाठी जगाला विसरतो. तू या प्रश्नासाठी मैफलच विसरलास. गळा तुझा गोडच आहे. आता तूच ठरव."

चंडोलाचे डोळे भरून आले. वाहवा त्यालाही प्रिय होती. तरी त्याने बुवांना नमस्कार केला आणि दिवस मावळायच्या आत तळे गाठले.

"आजोबा, नदीपलीकडचा तो सूर वर का चढतो?"

कासवाने मान बाहेर काढली. "साठ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं बघ. ठाऊक मलाही नाही. बस, शोधू या."

देवाचे नाव घेऊन चंडोल चिखलात बसला, आणि तो चढता सूर हळूच आपल्या गळ्यात घेऊन पाहू लागला.

तात्पर्य : वाहवा ऐकून वाट निवडू नये, वाहवा थांबली तरी मन जिथून हलत नाही, ती वाट वशासारखी धरावी आणि नेमाने चालावी.