उपडा पेला

पूर्वी शालवती नगरात राजा दृढवर्मा राज्य करीत असताना बोधिसत्त्व वैद्यकुळात जन्मला होता. तेव्हा नगरात माणसाला आतून पोखरणारा एक रोग पसरला होता. त्यावर एकाच वेलीचा काढा चाले, आणि तो रोज, जन्मभर घ्यावा लागे. वेल होती चाळीस जणांपुरती. वैद्याच्या अंगणात चाळीस पेले मांडलेले असत. रोगी मेला की त्याचा पेला उपडा होई, मग पुढच्याची पाळी येई.

तिष्य विणकराची थोरली बहीण उत्तरा पाळीत पहिली होती. एक पेला उपडा झाला. दुसऱ्या दिवशी तो सुलटा दिसला, पण उत्तरेला बोलावणे आले नाही. नवव्या दिवशी ती वारली.

तिष्याने माग टाकला आणि अंगणासमोर ठाण मांडले. कोणाच्या अंगावर रेशीम दिसले की पाळी विकत घेणारा हाच तो चोर, असे त्याला वाटे. अखेर तो पेला उचलणारी दिसली. ती काढा उकळणारी दासी चापा होती.

"वा, वैद्यबुवा! आधी घरची माणसं, होय?" तो ओरडला. "माझी अक्का काय उपरी होती?" त्याने पेला हिसकावून आपटायला हात उगारला.

"दादा, मी मागितला नव्हता," चापा रडू लागली.

बोधिसत्त्व म्हणाला, "निवड माझी. हिलाही रोग जडला, आणि काढ्याची आच हिलाच कळते. काढा बिघडला तर चाळीसही जातील. म्हणून अक्काची पाळी मी हिला दिली."

"अर्धा अर्धा द्यायचा होता!"

"अर्ध्याने रोग मरत नाही, माजतो. दोघीही गेल्या असत्या."

"मग तोंडावर का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही. तो माझा दोष."

तिष्याला क्षमा करवेना, आणि पेलाही आपटवेना.

बोधिसत्त्व म्हणाला, "यापुढे निवड सर्वांदेखत होईल, आणि पेला तू सुलटा करशील. माझ्यावर विश्वास नसलेलाच माणूस मला हवा."

पुढे एक पेला उपडा झाला. पाळीत पहिला एक कोळी होता, दुसरी वैद्याची बायको सुमना. तिष्य वैद्याच्या तोंडाकडे टक लावून बसला. वैद्याने पाळी बदलली नाही. तिष्याने कोळ्याचे नाव पुकारले, आणि सुमनेकडे न पाहता पेला सुलटा केला.

एवढे सांगून शास्ता म्हणाला, "भिक्षूंनो, तेव्हाची चापा म्हणजे आज तुमची पेज रांधणारी उपासिका. तिष्य म्हणजे माझ्या प्रत्येक वचनाला 'कशावरून?' विचारणारा हा भिक्षू. वैद्य मीच होतो. ज्याचे हिरावले त्याला तोंडावर सांगावे, हे सत्य मी त्या जन्मी शिकलो, आणि मला ते तिष्याने शिकवले."