भुकेच्या माळावरची पंगत

हा समोरचा सपाट कातळ, याला आम्ही भुकेचा माळ म्हणतो. नाव ऐकून दचकू नका, इथून उपाशी कुणी गेलेलं नाही. मार्गशीर्षात इथं गावाची पंगत बसते. त्या दिवसांत धुकं एवढं असतं की भाकरी हाताला लागते, डोळ्यांना दिसत नाही. टेका जरा, सांगतो.

वरच्या गडाला एकदा वेढा पडला होता. फौज कुणाची ते विचारू नका, आमच्यात दर म्हाताऱ्यागणिक ती बदलते. गडावरचं धान्य सरलं, तेव्हा गावच्या बायका सकाळच्या धुक्यातून शिदोरी आणू लागल्या. नाचणीच्या भाकऱ्या आणि हुलग्याचं गरम माडगं. गडकरी चोरवाटेनं माळावर उतरायचे, जेवायचे, उरलेलं वर न्यायचे. आवाज छावणीत जाऊ नये म्हणून कुणी कुणाशी बोलायचं नाही, असा नेम होता.

त्यातली एक गोजरा. तिचा नवरा मसाजी गडावर होता. गावातलंही धान्य सरत आलं होतं, आठ दिवस वर काही पोचलं नव्हतं, म्हणून तिनं पेरणीसाठी ठेवलेली नाचणी दळली, असं सांगतात.

ती माळावर आली तर माणसं आधीच बसलेली. नुसत्या सावल्या. ती वाढत गेली, ते खात गेले. माडग्याची वाफ धुक्यात मिसळत होती, आणि सगळा माळ जमिनीपासून सुटून हलकेच तरंगतोय, असं तिला वाटलं म्हणे. पाटी रिकामी झाली आणि ऊन आलं. बघते तर एकही चेहरा ओळखीचा नाही. वेढ्यातलेच शिपाई वाट चुकून माळावर आले होते.

गोजरानं रिकामी पाटी खाली ठेवली. "माजा मानूस वर उपाशी हाय, आन् म्या तुमास्नी जेवू घातलं," एवढंच म्हणाली.

त्यांच्यातला एक पिकल्या मिशांचा शिपाई उठला. "बाई, तुझं मीठ पोटात गेलंय. आज आम्ही तुला पाहिलं नाही," म्हणाला. कमरेची पिशवी सोडून त्यानं आपले भाजके चणे पाटीत ओतले. मग एकेकानं ओतले. पाटी भरली, आणि गेलेलं धुकं परत आलं. ते तीन दिवस माळावरून हललं नाही. त्याच्या आडून पाटी वर पोचली, आणि गडानं ते तीन दिवस शत्रूच्या चण्यांवर काढले.

मग लढाई टळली का, असं पाहुणे हमखास विचारतात. नाही हो. मिठाला जागलं तरी चाकरी सुटत नाही. चौथ्या दिवशी धुकं उठलं आणि लढाई झाली. मसाजी पडला. तो पिकल्या मिशांचा शिपाईही पडला. गोजरानं दोघांच्याही तोंडात पाणी घातलं, दोघांसाठी रडली.

पुढच्या मार्गशीर्षात तिनंच इथं पंगत बसवली, पण वाढताना डोळ्यांवर फडकं बांधलं. बायकांनी कारण विचारलं तर म्हणाली, "तोंडं बघितली की ध्यानात ऱ्हात्यात. मंग रडायला लई मानसं व्हत्यात."

आजही इथं वाढणारी डोळे बांधते आणि जेवणारा नाव सांगत नाही. यंदा पाळी माझ्या सुनेची आहे. तिचा नवरा, म्हणजे माझा थोरला, सरहद्दीवर आहे. त्याच्या पानात आज कुणाचा हात वाढतोय, आम्हाला ठाऊक नाही. ज्याचा असेल त्याचं भलं होवो. चला, पंगतीला बसा आता.