अक्रोडातली भेग

गोष्ट तशी फार जुनी नाही. मोरोक्कोतल्या फेज शहरात, कारागिरांच्या अरुंद गल्लीत, ट्रकचं एक निकामी इंजिन गाढवगाडीतून येऊन पडलं. उस्ताद इद्रिसला ते हुबेहूब घडवायचं होतं. पण अक्रोडाच्या लाकडात, पितळेत आणि उंटाच्या हाडात.

इंजिनाचं डोकंच फिरलं. "अरे, लाकडाचं इंजिन कधी धावतं का? पहिल्याच फेरीत पेटाल मेल्यांनो!" आयुष्यभर ते असंच करवादत आलं होतं. त्याच्यातून तेल गळायचं आणि दर वेळी ते ड्रायव्हरच्या नावाने बोटं मोडायचं. आता ते दिवसभर पितळेच्या नळ्यांना नावं ठेवी आणि हाडाच्या चाकांवरची नक्षी पाहून नाक मुरडी.

एके दिवशी अक्रोडाचा सांगाडा कोरून तयार झाला. त्याच्या तळाशी एक वेडीवाकडी भेग होती. इंजिनाला आयतंच सापडलं. "बघा, बघा! नवंकोरं लाकूड आणि जन्मतःच फुटकं! याला म्हणे उस्तादांचा हात लागलाय!"

"आजोबा, मी फुटलेलो नाही," अक्रोड म्हणाला. "तुमच्या पोटाखालच्या भेगेवर बोट फिरवून फिरवून उस्तादांनी ती माझ्यात कोरलीय. या गल्लीत नक्कल करताना काही वगळत नाहीत."

शेजारचे हातोडेसुद्धा थांबले. इंजिनाने आपल्या पोटाखाली डोकावून पाहिलं. मग खेकसलं, "मग नीट तरी कोरायला सांग की! माझी याहून लांब आहे."