आंबेथरची चिमा गुरवीण

फार वर्षांपूर्वी, मानमोडीची साथ आली त्या साली, आंबेथर गावात चिमा गुरवीण राहायची. नवरा नव्हता. देवळाची झाडलोट करून ती लेकीला, बायजाला, वाढवायची.

त्या साली गावाबाहेर नाटक कंपनीचा तंबू पडला. चिमाने तीन दिवस कनातीला कान लावून गाणी ऐकली. मग साथीने कंपनीचा पेटीमास्तर गेला, बाकीचे पळाले आणि पायपेटी देवळात राहिली. शिकवणारं कुणी नव्हतं. चिमाने घंटेच्या नादाशी जुळणारी पट्टी शोधली, तिथून एकेक सूर चाचपत अख्खं गाणं बाहेर काढलं. उजव्या हाताला चाल सापडली, पुढे डाव्या हाताला साथही सापडली. एकदा कानावर पडलेलं तिची बोटं विसरत नसत, असं म्हणतात.

मग साथीत गावातली माणसंही दगावू लागली. गौराक्काचा लेक धोंडू गेला, तशी ती देवळाच्या पायरीवर येऊन बसली.

"चिमे, माझा धोंडू कंपनीतलं एक गाणं म्हणायचा गं. मला दोनच ओळी येतात, त्याही वेड्यावाकड्या."

"तशाच म्हण, आक्का. मी ऐकते."

चिमाने ते गाणं पुरं वाजवलं, आणि पेटीतून धोंडूचा आवाज आला, असं म्हणतात. त्या दिवसापासून लोक पेटी उचलून दारोदार नेऊ लागले. चिमा कुणालाच नाही म्हणाली नाही.

ती वरच्या आळीत वाजवत होती, तेव्हा इकडे बायजा तापात गेली.

शेजारीण म्हणाली, "शेवटी काहीतरी गुणगुणत होती पोर."

"काय गुणगुणत होती?"

"नवीनच होतं काही. मी चुलीपाशी होते, चिमे. लक्ष नाही दिलं."

चिमाने त्यानंतर दुसरं काही वाजवलं नाही. वीस वर्षं ती तेवढी एक चाल शोधत राहिली. भाता फाटला, पट्ट्या मुक्या झाल्या, तरी बोटं फिरतच राहिली. एका दुपारी ती थांबली आणि रडत म्हणाली, "सापडली." देवळातली पाखरंसुद्धा त्या क्षणी गप्प झाली, असं म्हणतात. पण पेटीतून आवाज आलाच नव्हता. ती चाल कुणालाच ऐकू आली नाही. संध्याकाळ व्हायच्या आत चिमा गेली.

आजही आंबेथरात कुणी अंथरुणाला खिळलं, की औषधपाणी करणारे वेगळे असतात आणि उशाशी बसणारं माणूस वेगळं असतं. त्याने दुसरं काही करायचं नाही, फक्त ऐकायचं. घरात विचारतात, "आता चिमाची पाळी कुणाची?" आणि कुणीतरी हातातलं काम ठेवून उठतं.