बगळीच्या डोळ्याची जळफळ

तळ्यांना बांध घालायला माणूस अजून आला नव्हता, तेव्हाची गोष्ट. एका बगळीचा डोळा आतल्या आत जळत असे. मासा हेरायचा तो, पण चोच त्याने दाखवलेल्या जागेच्या चार बोटं खाली शिरायची आणि मासा घेऊनच वर यायची. पिल्लं चोचीचं कौतुक करायची. चोच म्हणायची, "माझं काय त्यात? मेंदूने सांगितलं तिथे गेले."

हा मेंदू! जन्मात ज्याने तळं पाहिलं नाही, तो डोळ्याच्या चुका काढणार?

एके सकाळी डोळा कडाडला, "आज मी दाखवीन तिथेच मारायचं. नाहीतर मी मिटून बसतो!"

"बरं बाबा," मेंदू म्हणाला.

मासा दिसला. चोच सुटली, नेमकी त्याच जागी. हाती नुसतं पाणी आलं. दुपारपर्यंत हेच चाललं. बगळी रिकामी घरट्यावर परतली. पिल्लांनी आ वासला. तेही डोळ्यालाच बघावं लागलं.

"तू रोज करतोस तरी काय?" त्याने हळूच विचारलं.

"ऐकतो," मेंदू म्हणाला. "मासा तू दाखवतोस, पण पाण्यातून तो आहे त्याहून वर दिसतो. पाणी किती खोल ते पाय सांगतात, किती वाकलोय ते मान सांगते. मागे कुठे चुकलो ते मला आठवतं. मग चोचीला सोडतो."

संध्याकाळी पुन्हा मासा चमकला. "तो बघ, तिथे!" डोळा ओरडला. मग घुटमळला आणि कुरकुरतच म्हणाला, "थांब. पायांना विचार एकदा."